डोंगराकडची वाट

आमच्या मोठ्या जाऊबाई, पंचफुलाबाई, गेल्या त्याच्या आदल्या दुपारी मी त्यांच्या उशाशी बसले होते. खामगावच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या खाटेवर. सलाइन चालू होतं, नाकाला नळी होती, आणि त्या डोळे मिटून पडल्या होत्या. तीसेक वर्षं आम्ही जावाजावा, त्यातली बरीच एका आंगणात काढलेली. भांडलो, अबोले धरले, एकमेकींच्या दुखण्याखुपण्याला उठलो. अशा बाईच्या उशाशी बसल्यावर माणसाला वाटतंच, की आता ही आपल्याशी चार शब्द बोलेल. ‘तुझं माझं काही राहिलं असेल तर सोडून दे’ असं काहीतरी. मी तयारीनं बसले होते, रुमालसुद्धा हातात होता. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “वंदना, ते दोन्ही रिमोट चार्जिंगले लावून ठेव व. शनवारी मेघा येऊन राह्यली.” बस्स. पुन्हा डोळे मिटले. सकाळी माझे मिस्टर दवाखान्यातून फोन करून म्हणाले, वहिनी गेल्या... मी फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती ही, की माझ्या वाट्याला त्यांचं शेवटचं बोलणं आलं ते रिमोटचं.

रिमोट म्हणजे टीव्हीचा नव्हे. टीव्हीला जोडून खेळायचा जो व्हिडिओ गेम असतो, त्याचं दोन्ही हातांत धरायचं यंत्र. त्याला वेगळं नाव आहे, पण बाई त्याला रिमोट म्हणायच्या आणि मग सगळं घर म्हणायला लागलं. आणि मेघा म्हणजे माझी मुलगी. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं वाचताना गोंधळ व्हायची शक्यता आहे. आमच्या घरात तो पुष्कळ वर्षं होता.

मेघा पुरती दोन वर्षांचीही नव्हती तेव्हा मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, आणि गाव मिळालं लोणारच्याही पलीकडचं. आमचं घर पिंपळगाव राजाला. जिल्ह्याचं हे एक टोक आणि ते दुसरं. मिस्टर एसटीच्या वर्कशॉपला, त्यांच्या पाळ्या ठरलेल्या नाहीत. लेकराला घेऊन परक्या गावी एकटीनं राहायचं की नोकरी सोडायची, असा पेच होता. बाईंना मूल नव्हतं. त्यांनी मेघाला माझ्या कडेवरून काढून स्वतःच्या कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, “ठेवून जाय. मी काय तिले खाऊन टाकणार आहो?” मी ठेवून गेले. शनिवारी शाळा सुटली की मेहकरला गाडी बदलून, चिखलीला ताटकळून, दिवेलागणीला मी घरी पोचायची, आणि माझी मुलगी बाईंच्या लुगड्यामागे लपून माझ्याकडे पाहायची. बाईंना ती आई म्हणायची. मला म्हणायची ‘लोणारची आई’. गल्लीत सगळ्यांना त्याचं भारी कौतुक. नवीन माणूस आला की तिला विचारायचे, तुझ्या आया किती गं, आणि ती दोन बोटं दाखवायची. सगळे हसायचे, मीही हसायचे. बाई तिला मागून हलकेच ढकलायच्या, “जाय माय, आई आली ना तुही.” त्या ढकलण्याचा मला जितका राग यायचा तितका त्यांनी तिला धरून ठेवलं असतं तरी आला नसता. ज्याच्याकडे भरपूर असतं तोच असं सहज देऊ शकतो.

पुढं मेघा पहिलीत जायच्या वयाची झाली आणि माझी बदली खामगाव तालुक्यात झाली. आम्ही खामगावला खोली घेतली. ज्या दिवशी तिला घेऊन निघालो त्या दिवशी बाई स्टँडवर पोचवायला आल्या नाहीत. घरात ज्वारी पाखडत बसल्या होत्या, असं मागाहून कळलं. मेघा खामगाव येईपर्यंत रडली. त्यानंतर तिला मी वाढवलं, शिकवलं, तिच्या परीक्षांना मी जागले, तिचे केस मी विंचरले. बाईंना ती ‘मोठीआई’ म्हणायला लागली आणि मला नुसतं ‘आई’. कागदावर सगळं जागेवर आलं. तरी काही लागलं, ठेच बसली, ताप चढला, की तिच्या तोंडून जी हाक निघायची ती पिंपळगावच्या दिशेनंच जायची.

मी रिटायर झाल्यावर आम्ही पिंपळगावला परत आलो, त्याच आंगणात बाईंच्या घरासमोर दोन खोल्या बांधल्या. मोठे भाऊजी तोवर गेले होते. मेघा संभाजीनगरला एका कंपनीत लागली होती. पहिल्या दिवाळीला तिनं मोठाच्या मोठा टीव्ही आणला आणि तो लावला बाईंच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली. का, तर मोठीआई एकटी असते. आमच्याकडचा टीव्ही जुना आहे, त्यात सगळ्या माणसांची तोंडं जरा हिरवी दिसतात, पण ते असो. त्यानंतर काही महिन्यांनी ती हा खेळ घेऊन आली. तिच्या मैत्रिणीला खेळायला वेळ होत नाही म्हणून तिनं दिलेला. मला आधी विचारलं होतं तिनं, हे मान्य केलं पाहिजे. मी म्हटलं, मला नाही बाई जमायचं ते टुकूटुकू. ती आंगण ओलांडून समोर गेली, आणि थोड्या वेळानं बाईंच्या घराचे पडदे भर दुपारी ओढले गेले.

खेळ जपानचा. तिकडच्या आजीबाईंच्या गोष्टींतली भुतंखेतं घेऊन बनवलेला. डोंगरावरच्या देवळातली एक भलीमोठी पितळी घंटा गावोगाव मुक्काम करत खाली समुद्रापर्यंत न्यायची, एवढीच गोष्ट. दिवसा गावातल्या माणसांना कामं वाटून द्यायची: कोणी धनुष्य घ्यायचं, कोणी कुऱ्हाड, कोणी जखमा बांधायच्या, आणि कोणाला कुठल्या वाटेवर उभं करायचं तेही आपणच ठरवायचं. मग खेळातली रात्र होते आणि भुतं घंटा फोडायला येतात. सकाळपर्यंत घंटा शाबूत राहिली तर ती वाजते, ते गाव मोकळं होतं आणि पुढचं गाव उघडतं. दोघांनी मिळून खेळता येतो. बाई माणसं उभी करायच्या आणि मेघा तलवार घेऊन एक लढवय्या पळवायची. भुतं म्हणाल तर एकेक नग. एका पायावर उड्या मारणारी छत्री, जीभ काढणारा कंदील. एक बाई होती, तिची मान अंधारात लांब लांब होत भिंतीवरून पलीकडे जायची. तिला पाहिल्याबरोबर आमच्या बाई म्हणाल्या, “हे तं आपली शेवंता होय,” आणि मेघा हसून हसून आडवी झाली. शेवंता आमची शेजारीण. मी दारात तुरीची डाळ निवडत बसले होते. मलाही हसू आलं होतं, पण त्या दोघींच्या हसण्यात उशिरा शिरल्यासारखं झालं असतं, म्हणून मी डाळीत खडा पाहत राहिले.

बाईंना खेळ येणार नाही असं मला वाटलं होतं. खरं तर तशी आशाच होती. पण त्यांना यायला लागला. बटणं चुकायची, तरी माणसं कुठं उभी करायची ते त्यांना कळायचं, कारण त्यांच्या लेखी ही सरळ सरळ जागल होती. त्यांचं माहेर रोहिणखेडकडचं, डोंगराच्या पायथ्याशी. शेताला लागून जंगल. मक्का, भुईमूग हाताशी आला की रानडुकरं उतरायची, आणि बाई लहानपणी बापासोबत मचाणावर बसून डबा वाजवायच्या. टीव्हीतल्या त्या जपानी शेतकऱ्यांना त्या शेताच्या धुऱ्यावर उभं केल्यासारखं उभं करायच्या, दिवस मावळायच्या आत सगळ्यांना भात खाऊ घालायच्या, आणि कोणी उपाशी राहिला तर खेळ थांबवायला लावायच्या. एक गाव झालं, दुसरं झालं. मेघा दर पंधरा दिवसांनी यायला लागली. आधी ती दिवाळी-उन्हाळ्याला यायची... मी फोनवर किती वेळा म्हटलं असेल, ये गं दोन दिवस. तेव्हा तिला सुट्टी नसायची.

असं करत त्या शेवटच्या गावाला पोचल्या. समुद्रकाठचं गाव, आत यायला चार वाटा, एक डोंगराकडून आलेली. आणि तिथं घोडं अडलं. बाई तीन वाटांवर माणसं लावायच्या आणि डोंगराकडची वाट मोकळी सोडायच्या. मेघा म्हणायची, मोठीआई, ती बंद कर, तिकडूनच येतात ते. बाई ऐकायच्या नाहीत. “चारी अंगानं कोंडलं का डुक्कर उलटते माय. त्याले जायले एक वाट ठेवा लागते.” आता ही भुतं काही जायला आलेली नसायची, ती त्याच वाटेनं आत घुसायची. मग मेघा काय करायची, तर वाद न घालता आपला लढवय्या पळवत न्यायची आणि त्या मोकळ्या वाटेच्या तोंडाशी उभा करायची. एकटा किती पुरणार. पहाट व्हायच्या बेतात घंटा फुटायची आणि दोघी एकदमच म्हणायच्या, “गेली!” पुन्हा पहिल्यापासून तो दिवस. वर्षभर तेच चाललं होतं. एकदा न राहवून मी दारातून म्हटलं, बाई, त्या वाटेवर दोन धनुष्यवाले लावा की, सुटला प्रश्न. बाईंनी वळूनही पाहिलं नाही. “शाळा नोहे ते, वंदना,” म्हणाल्या. मेघानं मला डोळ्यांनीच सांगितलं की राहू दे. मी ताट उचलून घरात आले. मला त्या दिवशी जे झालं त्याला दुसरा शब्द नाही, मी जळले. मी आयुष्यात केलेल्या चुका या मुलीनं मला मोजून दाखवल्या आहेत. बाईंच्या चुकीसमोर मात्र ती तलवार घेऊन उभी राहायची.

बाईंचा आजार फार चालला नाही. छातीत कफ झाला, खामगावला नेलं, आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. मेघा आली ती आंगणातच बसली. मी तिला तिच्या आजोबांच्या वेळी रडताना पाहिलं होतं, पण हे रडणं मी पाहिलेलं नव्हतं. तिच्या पाठीवर हात ठेवून उभी असताना माझ्या मनात आलं, माझ्या वेळी ही अशी रडेल का? लाज वाटावी असा विचार आहे, पण आला, आणि नंतर बरेच दिवस येत राहिला. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, बुद्धवंदना झाली, चारजण बोलले. बाईंच्या माहेरकडचे एक म्हातारे आले होते, काठी टेकत. ते सगळ्यांत मागून उठले, मेघाजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “माय गेली पोरी तुही.” मी तिथंच होते, चहाचा ट्रे घेऊन. मेघानं मान वर केली. मला वाटलं, ती सांगेल, की नाही बाबा, माय ही इथं उभी आहे. “हाव,” ती म्हणाली. एवढंच. म्हाताऱ्याबाबांनी माझ्या ट्रेमधला कप उचलला आणि मला विचारलं, तुम्ही कोण?

मी म्हटलं, धाकटी जाऊ.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी मेघा घरी आली. जेवण झाल्यावर ती समोर गेली, बाईंच्या घराचं कुलूप काढलं. मी मागोमाग गेले. तिनं पडदे ओढले, खेळ लावला आणि बाईंच्या पलंगावर एक रिमोट ठेवून म्हणाली, “आई, बसते का?” इतक्या वर्षांत तिनं दुसऱ्यांदा विचारलं होतं. मी बसले. कोणतं बटण कशाचं ते मला दारात बसून बसून पाठ झालं होतं. समुद्रकाठचं गाव, चार वाटा, बाईंनी शेवटी उभी केलेली माणसं जिथल्या तिथं. मी तिन्ही वाटांवरचा एकेक धनुष्यवाला काढला आणि तिघांना नेऊन डोंगराकडच्या वाटेवर लावलं. रात्र झाली, भुतं आली, चारी वाटांवर अडली. मेघाच्या लढवय्याला फारसं काही करावंच लागलं नाही, तो घंटेजवळ नुसता फिरत राहिला. पडद्यावर उजाडलं, घंटा वाजली, आणि समुद्रावरून पाखरांचा थवा उठला. वर्षभर त्यांना जे जमलं नाही ते मी एका दुपारी केलं होतं. मी मेघाकडे वळून म्हटलं, “पाहिलं?”

तिचं तोंड पडलं होतं. पडद्यावर खेळ बनवणाऱ्यांची नावं वर सरकत होती, ती सरेपर्यंत ती बघत राहिली. मग उठली आणि वायरी गुंडाळायला लागली. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, “संपलं ना आता. घेऊन जाते, मैत्रिणीला परत देऊन टाकते. इथं कोण खेळणार?” मी म्हटलं, अगं, जिंकलो आपण, तू अशी काय करतेस. त्यावर ती वायर हातात तशीच धरून खाली बसली.

“आई, तिले येत होतं ते,” ती म्हणाली. “त्या गावात गेलो तेव्हाच, पहिल्याच वेळी, तिनं चारही वाटा बंद केल्या होत्या. सकाळ होत आली होती. घंटा वाजाच्या आधी तिनं उठून भिंतीवरचं बटनच बंद केलं. मी ओरडली, काऊन बंद केलं? तं म्हणे, संपवलं तं तू येशीन काऊन मंग?”

मी विचारलं, आणि ते डुकराचं, जागलीचं?

“ते तिनं मागाहून काढलं,” मेघा म्हणाली. तिला हसू आलं आणि रडूही. “मले माहीत होतं. मले माहीत आहे हे तिलेही माहीत होतं.”

म्हणजे वर्षभर त्या दोघी ठरवून हरत होत्या. ‘गेली!’ असं एकदम ओरडत होत्या ते त्यासाठी. आणि मी दारात डाळ निवडत, बाई चुकतात म्हणून मनातल्या मनात सुखावत होते. खरं सांगायचं तर माझा मत्सर त्या क्षणी कमी झाला नाही, दुप्पट झाला. बाईंनी माझ्या मुलीला घरी आणायची युक्ती शोधून काढली होती, आणि मी, तिची आई, फोनवर नुसतं ये गं, ये गं करत बसले होते. आणि त्यांच्यापाठी एवढी एकच गोष्ट शिल्लक होती, तीही मी मोठ्या ऐटीत जिंकून संपवली. मेघा वायरी पिशवीत भरायला लागली. ती पिशवी आंगणातून बाहेर गेली की पुन्हा दिवाळी, पुन्हा उन्हाळा, हे मला लख्ख दिसलं.

मी तिच्या हातातली पिशवी घेतली. म्हटलं, “पहिल्यापासून लाव.”

“पहिल्यापासून? आई, सगळी गावं पुन्हा?”

“लाव,” मी म्हटलं. “आणि मला घाई करू नकोस.”

तिनं वायरी सोडवल्या. डोंगरावरचं पहिलं गाव आलं, जिथं मी कधी खेळले नव्हते. आत यायला दोनच वाटा होत्या. मी माणसांना भात दिला, धनुष्यं वाटली, आणि सगळ्यांना नेऊन एका वाटेवर उभं केलं. दुसरी मोकळी सोडली. मेघाला ती दिसली. तिचा लढवय्या पळत पळत आला आणि त्या मोकळ्या वाटेच्या तोंडाशी उभा राहिला. तो माझ्यासाठी उभा राहिला की बाईंच्या आठवणीनं, हे मी तिला विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही, आणि उत्तर मला ठाऊक आहे असं मला अधूनमधून वाटतं.

आता बाईंच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. रोज झाडते, टीव्हीवरची धूळ पुसते. पलंगावरची त्यांची गोधडी तशीच आहे, बाबासाहेबांच्या फोटोला हार तेवढा नवीन घालते. आम्ही अजून पहिल्याच गावात आहोत. काल शुक्रवार होता. मेघाचा फोन आला, “आई, उद्या येऊन राह्यली.” मी समोर गेले, कुलूप काढलं, आणि दोन्ही रिमोट चार्जिंगला लावले.